पायरीवरच्या वहाणा

त्या विहिरीच्या वरच्या पायरीवर वहाणांचा एक जोड होता आणि तो मी पाहिला होता. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. खात्याला नाही, कोर्टाला नाही, घरात तर नाहीच. नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला वेळ लागतो. तो जोड मात्र तसाच दिसतो. नवा, करकरीत, टाचा पायरीच्या कडेला लावून नीट ठेवलेला.

पन्नास सालानंतरची ती वर्षे. मी फौजदार होतो, तिशी गाठली नव्हती. चिंचवडच्या पुढे, मोशीच्या अंगाला, ज्वारीच्या रानात एक अवाढव्य कारखाना उभा राहत होता. त्याचे नाव देत नाही. माणसांचीही देणार नाही. त्या भागाने तोवर असले काही पाहिलेच नव्हते. रविवारी पुण्याहून लोक सायकली मारीत बांधकाम बघायला येत, झाडाखाली डबे सोडत आणि लोखंडी सांगाडा गेल्या खेपेपेक्षा किती चढला यावर वाद घालत. माझ्याकडे तिथला बंदोबस्त होता. जमिनी घेताना गावकऱ्यांनी एकदा काम अडवले होते, म्हणून वरून सक्त ताकीद होती की काम थांबता कामा नये. ते कुठवर आले याचा अहवाल मी दर आठवड्याला पाठवीत असे. 'काम सुरळीत' या शब्दांनी तो सुरू होई.

त्या जागेत एक जुनी पायऱ्यांची विहीर होती. उन्हाळ्यात पाणी तळाला जाई आणि मधल्या टप्प्यावर दगडात कोरलेल्या कोनाड्यापाशी गार सावली असे. विहीर बुजवून तिथे यंत्राचा पाया घ्यायचा होता. विहिरीच्या मूळ मालकाला सगळे आबा म्हणत. मोबदला घेऊन तो मोकळा झाला होता, तक्रार अशी नव्हती. त्याचे एकच मागणे होते की बुजवायच्या आधी मला बोलवा, आत उतरून नारळ ठेवीन. इंजिनिअरांनी हो म्हटले आणि ते विसरले.

दिवस ठरल्याचे आबाला कुठून तरी कळले. भर उन्हात तो तारेच्या कुंपणापाशी येऊन उभा राहिला, धोतराच्या सोग्यात नारळ.

"साहेब, घटकाभराचं काम हाय. खाली उतरतो, पाण्याची माफी मागतो, आलोच."

"आबा, बाहेरूनच फोडा. देवाला कळतं."

"देवाला कळंल वो, पाण्याला कसं कळावं?" माझ्यासोबतचा हवालदार हसला. आबा हसला नाही. तारेतून वाकून बघत म्हणाला, "पायरीला वहाणा हाईत बघा कुणाच्या. कोण उतरलंय?"

मी वळून पाहिले. पंचवीस-तीस पावलांवर विहिरीचे तोंड होते. वहाणा होत्या. विहिरीत उतरताना आपल्याकडे कोणीही वहाणा वरच काढतो, हे मला सांगायला नको होते. मी खेड्यातलाच.

"असतील कोणी टाकलेल्या."

"टाकलेल्या असत्या तर जोडीनं ठिवल्या असत्या व्हय?"

"आबा, तुम्हाला आत जायला काहीतरी निमित्त हवं. चला, निघा."

त्याने नारळ तारेच्या खांबावर फोडला, एक भकल आत भिरकावले, ते विहिरीपर्यंत पोचलेही नाही. मी जेवायला चौकीवर गेलो. दुपारी दगड-मुरमाच्या लॉऱ्या विहिरीवर लागल्या आणि संध्याकाळपर्यंत ती भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंत्राटदाराच्या गुदामवाल्याने फिर्याद दिली. तांब्याच्या तारेची भेंडोळी चोरीला गेली होती. हजेरी तपासली तर एक मजूर आदल्या दुपारपासून गायब. बीडकडचा, मोगलाईतून, म्हणजे निजामाच्या जुन्या मुलखातून, कामाला आलेला. त्या काळी आमच्या डोक्यात हिशेब साधा असे. माल गेला, माणूस गेला, म्हणजे माल माणसाने नेला. हवालदार म्हणाला, "साहेब, ही माणसं आज इथं, उद्या तिथं. गुन्हा उघड झालाच म्हणून समजा." मी स्टेशन डायरीत नोंद केली, त्याचे राहते पाल उलटेपालटे करून पंचनामा केला आणि त्याच्या बायकोला चौकीवर आणले.

ती दुसऱ्या टोळीत खडी फोडायची. पंचविशीची असेल. कपाळावर आडवे, मोठे कुंकू.

"नवरा कुठे आहे?"

"दुपारी भाकर खाल्ली, म्हनला जरा थंड्याला जाऊन येतो. त्यो आलाच न्हाई."

थंड्याला म्हणजे कुठे, हा पुढचा प्रश्न शिकाऊ शिपायालाही सुचला असता. मलाही सुचला. मी तो विचारला नाही. त्याऐवजी माल कुठे आहे ते विचारले. ती एकच उत्तर देत राहिली. दोन-तीन दिवस तिला चौकीच्या ओट्यावर बसवून ठेवले. अंगाला हात लावला नाही, हे मी तेव्हा मोठ्या अभिमानाने सांगत असे. हात लावण्यापेक्षा वाईट जे केले, तो आमच्यात हातखंडा उपाय मानला जाई. संशयिताची बायको बोलत नसेल तर तिचे मन नवऱ्यावरून उडवायचे.

मी म्हणालो, "बाई, तू कशाला त्याला झाकतेस? तो पुण्यात दुसरीला घेऊन राहिलाय. आमच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलंय."

 ती रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मग म्हणाली, "म्हंजे जिता हाय नव्हं?"

मी हो म्हटले.

तिला सोडून दिले. तिच्या नवऱ्यावर वॉरंट निघाले आणि कागदोपत्री तो फरारी झाला. ती तिथेच कामाला राहिली, कारण जाणार कुठे? पावसाळ्यानंतर बुजलेल्या विहिरीवर पाया भरायचे काम लागले, तेव्हा तिची टोळी तिथे घमेली वाहत होती. मी समोर उभा राहून ते पाहिले आहे. मुकादम ओरडायचा, "ए चोराची, पाय उचल!" आणि बाकीच्या बाया हसायच्या. मी अहवालात पाया पूर्ण झाल्याचे कळवले.

बाजारच्या दिवशी ती चौकीच्या पायरीशी येऊन उभी राही. "लागला का तपास?" नाही म्हटले की निघून जाई.

खबर आली ती चहाच्या टपरीवरून. नाक्यावरचा टपरीवाला आमचा खबऱ्या होता. तो हवालदाराला म्हणाला, "भाऊ, त्या लॉरीवाल्याला आजकाल उधारी लागत न्हाई. पुण्यात तांबटाकडं लई येरझाऱ्या चालल्यात." लॉरी ड्रायव्हर कंत्राटदाराचाच. आम्ही तांबटाच्या दुकानावर छापा घातला; भेंडोळ्यांचा काही माल तिथे तसाच होता. ड्रायव्हरला आणून बसवले. फार वेळ लागला नाही. चोरी त्याने एकट्याने केली होती, गुदामवाल्याची नजर चुकवून.

"आणि तुझा साथीदार? तो मोगलाईतला?"

"कसला साथीदार, साहेब?" तो आधी हसला. मग त्याचा चेहरा पडला. "त्यो बिचारा कशाला चोरी करतोय..."

"मग पळाला का?"

 हवालदाराने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने नुसता हातात धरला.

"पहिली खेप वतली तवा आतनं आवाज आला, साहेब. माणसावानी. मी थांबलो. हाक मारली. काय न्हाई. मुकादम म्हनला, इहीर बोलती, तुजाच आवाज हाय, वत पुढं. दुसऱ्या खेपेला पायरीवर वहाणा दिसल्या. मी मुकादमाकडं बगितलं, त्यानं माज्याकडं. मग त्यानं पायानं त्या आत ढकलल्या."

हवालदाराने माझ्याकडे पाहिले. त्या दिवशी कुंपणापाशी तोही होता. आम्ही दोघे त्याबद्दल कधीच बोललो नाही. तो वारला तोपर्यंत नाही.

मी त्याच दिवशी बांधकामावर गेलो. विहिरीच्या जागी आता भक्कम पाया होता आणि त्यावर परदेशातून आलेले यंत्र बसवत होते. इंजिनिअर म्हणाले, "फौजदारसाहेब, एका ड्रायव्हरच्या बोलण्यावर हे उकरायचं? उद्घाटन तोंडावर आलंय." मी पुण्याला वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, "चोरी उघड झाली ना? मुद्देमाल मिळाला ना? पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही हे मी तुम्हाला सांगायचं का? प्रेत नाही, साक्षीदार नाही. मुकादम कबूल होणार नाही. फरारी आहे तो फरारी राहू द्या."

मी एक साक्षीदार होतो. आबा दुसरा, हवालदार तिसरा. हे सांगायला माझे तोंड उघडले नाही. सांगितले असते तर पहिला प्रश्न आला असता, तुम्ही काय केलेत?

जबाबातून विहिरीचा भाग मी गाळला. स्वतःच्या हाताने. दोषारोपपत्र गेले, त्यात दुसरा आरोपी फरारी. ड्रायव्हरच्या वकिलाने याचा पुरेपूर फायदा घेतला, सगळे त्या पळालेल्या माणसाने करायला लावले असे सांगून शिक्षा कमी करून घेतली. माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा पडला.

त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी ती आली. चोर सापडल्याचे तिच्या कानावर गेले होते.

"साहेब, त्यो लॉरीवाला घावला म्हनं. मग ह्यांचं काय?"

"शोध चालू आहे."

ती गेली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. "येक इचारते. बाया म्हनत्यात, त्यो मेलाय, तू कुंकू पूस. कुनी म्हनतं, दुसरीकडं नांदतोय, तरी पूस. तुमी सरकारची मानसं, तुमाला ठावं असंल. ठिवू का पुसू?"

मी टेबलावरचे कागद सारखे केले. म्हणालो, "ठेव."

त्यानंतर माझी बदली झाली. उद्घाटनाच्या बंदोबस्ताला मला मुद्दाम परत बोलावले होते. हार, भाषणे, बँड सगळे झाले. आबा आला नव्हता. त्या रानातून जायचे त्याने बंद केले होते, असे नंतर कळले.

बऱ्याच वर्षांनी चाकणच्या कांदा बाजारात एका चौकशीसाठी गेलो होतो. बाया कांदे निवडत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीने मान वर केली. केस पांढरे झाले होते, कुंकू तेवढेच मोठे. मी साध्या वेशात होतो तरी तिने ओळखले. हातातला कांदा खाली ठेवून तिने एवढेच विचारले, "घावला का?"

मी नाही म्हटले आणि जीपमध्ये बसलो.

मुदतीआधी निवृत्ती घेतली तेव्हा सहकाऱ्यांनी प्रकृतीचे कारण खरे मानले. या गुन्ह्याने मला काय शिकवले ते सांगतो. हरवलेला माणूस आणि पळालेला माणूस आपल्या दप्तरात एकाच रकान्यात बसवता येतो, आणि एकदा तिथे बसवला की त्याला कोणी शोधत नाही. पुढच्या ठाण्यांत मी शिपायांना सांगत असे की माणूस गैरहजर दिसला तर त्याची चालचलणूक नंतर विचारा, तो शेवटचा कुठे गेला होता ते आधी विचारा. त्यांनी ते पाळलेही. हे साहेबांना कुठे सुचले, असे कोणी विचारले नाही. पण शिकलेल्या या गोष्टीचा तिला काडीचाही उपयोग नाही.

कारखाना जोरात चालतो. शिफ्ट सुटली की माणसांचा लोंढा त्याच जमिनीवरून फाटकाकडे जातो. ती अजून चाकणला आहे; कोणत्या आळीत राहते ते मला ठाऊक आहे. दोनदा एस.टी.ने तिथवर गेलो आणि स्टँडवरूनच परत फिरलो.

तिचा नवरा चोर नव्हता, पळाला नव्हता, आणि दुसरी बाई मी रचलेली होती. तो त्याच दुपारी विहिरीत गेला आणि त्याच्या वहाणा मी पाहिल्या होत्या. एवढे तिच्यासमोर उभे राहून सांगणे माझ्याकडे अजून बाकी आहे.