ओ निगेटिव्ह सहा

वॉल्व्हचा रेडिओ, घरातला स्टॅबिलायझर, बायकोच्या शिवणयंत्राची मोटर, दोन बंद कॉम्प्युटर मिळून एक चालू कॉम्प्युटर... हे सगळं मी माझ्या हातांनी केलेलं. प्रोग्रॅमिंगही पुस्तकं वाचून स्वतःच शिकलो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका रक्तपेढीतला साठा कल्याणच्या एका नर्सिंग होमला स्क्रीनवर दिसावा, असं काम मी आणि माझा मेहुणा शिरीष करत होतो. तो नौपाड्यात सर्व्हिसपाशी, म्हणजे आकडे पुरवणाऱ्या प्रोग्रॅमपाशी; मी कल्याणला क्लायंटपाशी, म्हणजे ते मागणाऱ्या प्रोग्रॅमपाशी.

सर्व्हिसचं वर्णन, म्हणजे कोणता आकडा कितव्या जागी येणार ते, एका टूलला दिलं की ते क्लायंटसाठी प्रॉक्सी क्लास आपोआप लिहून द्यायचं. आपण त्या क्लासला विचारायचं, तो मोडेमवरून नौपाड्याला विचारून उत्तर आणणार. ओळ न ओळ स्वतः लिहिणाऱ्या मला ते आयतं कोड रुचत नव्हतं... पण आधीच्या आठवड्यात सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या.

त्या सकाळी मी पुन्हा एकेक रक्तगट तपासत होतो. तेवढ्यात शेजारी धावपळ सुरू झाली... एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. गट ओ निगेटिव्ह.

सिस्टरनी माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला. "आहे की! नौपाड्यात सहा आहेत!" अहो, ही टेस्ट आहे, असं मी म्हणेपर्यंत त्या बाहेर. बाईचा नवरा बर्फाचा डबा घेऊन जिन्यावरून पळाला.

माझी नजर स्क्रीनवरच. ओ निगेटिव्ह सहा, ओ पॉझिटिव्ह शून्य... निगेटिव्ह मुळात दुर्मिळ, आणि पॉझिटिव्ह एकही नाही? खाली बी निगेटिव्ह नऊ, पॉझिटिव्ह एक. जागा उलटल्या तर नाहीत?

फोन एकच, त्यावर मोडेम. वायर उपटून नंबर लावला तर एंगेज... तिकडचा मोडेम लाइन सोडेना. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. शेवटी लागला.

"शिरीष, फ्रिज उघड. ओ निगेटिव्ह किती?"

"भाऊजी, स्क्रीनवर दिसतंय ना तुम्हाला..."

"स्क्रीन राहू दे रे! फ्रिज बघ!"

जरा वेळाने आवाज आला, "एकही नाही. पॉझिटिव्ह सहा आहेत." मग हळूच, "काल मी पॉझिटिव्हची जागा वर घेतली. इथल्या मॅडमना तसं हवं होतं... तुमचा क्लास नव्याने काढायला सांगायचं राहिलं."

दोन्ही नुसते आकडेच. माझ्याकडच्या जुन्या क्लासने ते निमूट उलट्या जागी भरले. एरर नाही, काही नाही.

चुकीचं रक्त चढलं नसतं, तपासणी होतेच. पण ठाण्याला जाऊन रिकाम्या हाताने परत यायचं... तेवढा वेळ त्या बाईकडे नव्हता.

"डोंबिवलीच्या पेढीत विचार आणि इथे सिस्टरना कळव," सांगून मी खाली धावलो. फाटकाशी बाईचा नवरा स्कूटर आडवी करून किक मारत होता... नशीब, सुरू होत नव्हती. मी हँडलच धरलं.

"सोरा दादा, येल नाय मना!"

"वेळ नाही म्हणूनच! ठाण्यात रक्त नाहीये! दुसरीकडे विचारतोय, थांबा!"

त्याने हात उगारला होता. तो तसाच हवेत राहिला... दोघंही वर खिडकीकडे बघत उभे. फाटकातून माणसं जात-येत होती.

खिडकीत सिस्टर आल्या. "डोंबिवलीत आहे! दोन पिशव्या, काढून ठेवतायत!" स्कूटर सुरू झाली आणि तो गेला.

दुपार कलता कलता बाई शुद्धीवर आली. सिस्टर जाता जाता कॉम्प्युटरकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या त्या डब्यापेक्षा आमचा फोन बरा हो!"

मग मी प्रोग्रॅमचा एक भाग लिहिला, हा मात्र माझ्या हाताने. लाइन जोडली गेली की आधी दोन्हीकडची वर्णनं ताडून बघायची. जुळली नाहीत तर एकही आकडा दाखवायचा नाही, फक्त 'फोन करा'.

पुढे खोपटचा एक डीलर हा प्रोग्रॅम विकत घ्यायला आला. अट एकच... "साहेब, ते 'फोन करा' तेवढं काढून टाका. पार्टीला वाटतं माल बिघडलेला आहे."

मी नाही म्हटलं. चाळीस हजार देत होता, तेव्हाचे.