उस्मानी झग्यातले चीफ

चीफ आयुष्यात कधी सरळ बोलले नाहीत. चहात साखर कमी पडली तर तसं म्हणायचं सोडून, "यंदा उसाचं पीक गेलं वाटतं," म्हणायचे. सुनेच्या ध्यानात येईपर्यंत कप रिकामा झालेला असे. उभी हयात जहाजांची इंजिनं सांभाळण्यात गेली. चीफ इंजिनिअर हा हुद्दा संपला, नुसतं 'चीफ' मागे उरलं. बायको गेल्यावर मुलाने, निनादने, त्यांना व्हिजिट पासवर सिंगापूरला आणलं. जुरोंग ईस्टच्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या फ्लॅटच्या सोसायटीत, ते आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे.

या तिरक्या बोलण्याला गुरू भेटले ते इस्तंबूलला. त्यांचं जहाज तिथल्या गोदीत दुरुस्तीसाठी महिनोन्महिने अडकलं होतं. सुट्टीच्या दिवशी बाकीचे बाजार हिंडत, चीफ चित्रं बघत बसत. उस्मानी राजवटीच्या अखेरच्या काळातल्या चित्रांच्या छापील प्रती त्यांनी तिथूनच आणल्या. मी घरून काम करत असले की जेवणाच्या सुट्टीत त्या घेऊन खाली येत आणि माझं ताट गार होईपर्यंत शिकवत.

"हा मौलवी बघ. मागे निळ्या फरशा, खाली गालिचा. लोक म्हणतात, वा, काय सुंदर! आता पुस्तक बघ. मिटलेलं. मेणबत्ती विझलेली. खालची फरशी फुटलीये आणि कोणी बदललेली नाही." मग आवाज उगाच खाली आणून, "सुलतानाचे हेर गल्लोगल्ली. पेपरात चार शब्द छापायची चोरी. मग चित्रकाराने करायचं काय? आजोबांच्या काळातले झगे-पागोटी चढवायची आणि आजचं दुखणं रंगवायचं. कोणी हटकलंच तर, साहेब, जुन्या काळचं आहे हो!"

हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा की त्या हेरांना चकवणाऱ्यांत हेही होते की काय! एकदा मी विचारलं, "पण चीफ, ज्याच्यासाठी काढलं त्यालाच कळलं नाही तर?"

"डोळे असतील त्याला कळतं," म्हणाले आणि प्रती गुंडाळायला लागले.

गुहागरला त्यांनी हौसेने दोन खोल्या बांधल्या होत्या, अगदी समुद्रासमोर. जन्म समुद्रावर काढून पुन्हा समुद्रच का, असं विचारलं तर म्हणत, "तेव्हा तो मला हलवायचा. आता मी बसणार, त्याला हलू दे." ते बसणं राहूनच गेलं. निनादने ते घर विकायचं ठरवलं. रॅफल्स प्लेसच्या बँकेत दिवसभर जोखमी मोजणारा मुलगा तो. हृदयविकाराचा बाप तिकडे एकटा, ही जोखीम त्याला नको होती. त्याचं अगदीच चुकत होतं असं मला म्हणवत नाही. पण चीफांना तिथेच जायचं होतं, तिथेच मरायचं होतं. लिफ्टमध्ये एकदाच ते हे माझ्याशी सरळ बोलले. मुलाला मात्र म्हणाले, "नारळांना पाणी कोण घालतंय कुणास ठाऊक."

मग त्यांनी रंग आणले. अंगावर पलंगपोस, डोक्याला टॉवेल गुंडाळून ते गॅलरीत बसले आणि नातीला फोटो काढायला लावले. ते उस्मानी चित्रकारही स्वतःचे फोटो काढून स्वतःलाच मॉडेल करायचे, असं तिला सांगत होते. ती सिंगापुरी इंग्रजीत ओरडत होती, "आजोबा, डोन्ट मूव्ह ला! यू ऑल्वेज मूव्ह!"

चित्र महिनाभराने पुरं झालं. निळ्या फरशांचा देखणा दिवाणखाना, त्यात झग्यातला एक म्हातारा, चेहरा चीफांचाच. बसलाय गादीवर नव्हे, दाराशी, पायात जोडे घालून, मांडीवर गाठोडं. दाराला आतून कुलूप. पलीकडे एक तरुण व्यापारी पाठमोरा, त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. खिडकीत समुद्राची एवढीशी रेघ. याहून सरळ बोलणं चीफांना जमणारच नव्हतं.

निनाद म्हणाला, "बाबा, काय डिटेल आहे!" त्याने भारीतली फ्रेम करून चित्र सोफ्याच्या वर लावलं. गणपतीला आलेल्या पाहुण्यांनी त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. चीफ कोपऱ्यात मोदक खात होते.

"आता तरी तोंडाने सांगा," मी म्हटलं.

"अगं, टांगलंय ना भिंतीवर."

दिवाळीच्या आधी गुहागरचं घर विकलं गेलं. चीफांनी सही केली आणि म्हणाले, "पेन छान चालतंय." त्यानंतर ते प्रती घेऊन खाली आलेच नाहीत. मीच वर जायची, तर चहा पुढे ठेवून गप्प बसायचे. चहा कसाही असला तरी काही म्हणत नसत. पुढे एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेराव्याला सगळे गेल्यावर हॉलमध्ये मी आणि निनाद दोघेच उरलो. माझ्या मनात राग साठला होता. चित्राकडे बोट करून मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर गाठोडं का आहे, कधी विचार केलास?"

निनाद मान वर न करताच म्हणाला,

"पहिल्याच दिवशी कळलं होतं, मेधा. किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत तेसुद्धा." मग त्याचा आवाज खाली आला. "बाबांनी तोंडाने मागितलं असतं ना, तर मला नाही म्हणता आलं नसतं. ते मागतील म्हणून घाबरत होतो गं. म्हणून नुसतं कौतुक करत राहिलो."