मशीनच्या पोटातलं मशीन

परतूरच्या बसस्टँडजवळ एका ताईंचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. बीसीएची शेवटची परीक्षा देऊन मी तिथं कामाला लागले. दुकानात कॉम्प्युटर एकच. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ताई मला त्यावर शिकू द्यायच्या.

मला वेबसाइट बनवायची होती. त्यासाठी पुस्तकात बघून मी त्याच डिस्कवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायला गेले आणि नको तो भाग पुसला. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं गेलं. मी रडायला लागले.

ताई म्हणाल्या, "रडून पत्रिका येणार न्हाईत. बस, टाईप करू."

दोन दिवस आम्ही पाळीपाळीनं टाईप केलं. गिऱ्हाइकांना ताईंनी "मशीन बिघडलं" एवढंच सांगितलं.

मी शिकणं सोडून दिलं. ते ताईंच्याच लक्षात आलं.

"तुझं ते बंद का गं?"

"पुन्हा बिघडलं तर?"

"मंग न बिघडता शिकायचा काही रस्ता असंल की. शोध."

जालन्याला गेले तेव्हा कॉलेजातल्या सरांनी एक सीडी दिली. व्हर्च्युअल मशीन. म्हणजे चालू विंडोजमध्ये एका चौकटीत दुसरा कॉम्प्युटर चालतो, आणि त्याची सगळी डिस्क म्हणजे आपल्याकडची एक फाइल. आमची मेमरी तुटपुंजी, त्यातली निम्मी मी त्या चौकटीला दिली. बटण दाबावं आणि चहा पिऊन यावं, असा वेग. त्यात लाईट जायची. चार दुपारी गेल्यावर आत लिनक्स, पानं दाखवणारा वेब सर्व्हर आणि माहिती साठवणारा डेटाबेस बसला आणि माझं पहिलं वेबपान उघडलं.

ताई खुर्ची ओढून बसल्या. "हे दुसरं मशीन हाय कुठं?"

"ह्याच्याच पोटात."

"मोडून दाखव."

मी आतलं सगळं पुसलं. ताईंनी पत्रिकांचा फोल्डर उघडून एकेक तपासली. सगळ्या जागेवर होत्या. मग मी त्या चौकटीच्या फाइलची आधीच जपून ठेवलेली प्रत लावली आणि पान परत आलं.

तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. रक्त देणाऱ्यांची नावं, गावं, फोन. त्यांच्या बहिणीला बाळंतपणात वेळेवर रक्त मिळालं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे बसतं का त्यात?"

वहीतली नावं त्यात भरायला आठवडा लागला. रक्तगट निवडला की नावं समोर यायची.

पुढं एक माणूस दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स काढायला आला. बायकोला बी निगेटिव्ह हवं होतं. आमच्या पानावर दोनच नावं आली. पहिला फोन लागला नाही. दुसरे एका खेड्यावरचे शिक्षक. ते म्हणाले, "वर्ग दुसऱ्याकडं देतो अन् निघतो."

बाई वाचली, हे त्या शिक्षकांनीच येऊन सांगितलं. त्यानंतर ताई झेरॉक्स हातात देता देता प्रत्येकाला रक्तगट विचारू लागल्या. काही जण बिचकायचे. सांगेल त्याचं नाव मी भरून घ्यायची.