घाईत गुंडाळलेले अकरा चार्जर

आयटीआय करून मी देऊळगाव राजाला सगळे ज्यांना चाचा म्हणत त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले, त्या वर्षी बीटी कपाशीतही बोंडअळी शिरली होती. जो तो फवारणीच्या मागे. आमच्याकडे बॅटरीवरच्या फवारणी पंपांचे जळके चार्जर यायचे. त्यांच्यातला अंगठ्याएवढा ट्रान्सफॉर्मर उकलून नव्याने तार गुंडाळायची, हे माझं काम.

चाचांची पद्धत ठरलेली. बारीक तारेचे अर्धे वेढे, वर पिवळी टेप, मग जाड तार, पुन्हा टेप, आणि बारीक तारेचे उरलेले वेढे सगळ्यात वर.

"दोन्ही तारा जितक्या जवळ, तितकी ताकद बॅटरीत जाते, बेटा. नाही तर फुकट गरमी," ते सांगायचे.

टेबलावर ढीग वाढला तशी मी बारीक तार एकदमच गुंडाळून त्यावर जाड तार चढवू लागले. काम अर्ध्या वेळात व्हायचं. तपासताना चार्जरचा दिवा लागायचा. चाचांना मी काही बोलले नाही.

आठवड्याभराने साखरखेर्ड्याकडची एक बाई चार्जर परत घेऊन आली.

"ताई, हा लय तापते. तापला की बंद. लाईन राहते चार घंटे, तेवढ्यात बॅटरी भरतच नाही."

"मग फवारणी?"

"आमच्या मालकानं जुना दांड्याचा पंप काढला. तो गळते. पाठ सारी औषधानं भिजली. सांजेला उलट्या लागल्या. दवाखान्यात भरती हायेत. डोळ्याले नीट दिसून नाही राह्यलं."

ती भांडायला आली नव्हती. अर्धं वावर राहिलं होतं, तिला चालणारा चार्जर हवा होता.

मी तिच्यासमोरच ट्रान्सफॉर्मर उकलला. चाचांनी थर पाहिले. मी तो त्यांच्या पद्धतीने पुन्हा गुंडाळून तिला दिला. ती गेल्यावर चाचांनी विचारलं,

"असे किती दिले?"

"अकरा."

ज्यांचे नंबर होते त्यांना फोन केले. आठ चार्जर परत आले, ते मी पुन्हा गुंडाळले. बाकीचे दोन कुणाकडे गेले, कळलं नाही.

तिचा नवरा घरी आला. दिसायला लागलं, पण उन्हात डोळ्यांना धार लागायची. हिवाळ्यात ती तुरीच्या शेंगा घेऊन दुकानात आली.

"तुम्ही केलेला चार्जर आता मस्त चालते, ताई."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेंगा घेतल्या, आणि तिला बसायला स्टूल दिलं. खरं काय ते मात्र सांगितलं नाही.