नदीच्या मुखाशी माझी जागा

कारेलीबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या आडोशाला एक सर्फबोर्ड उभा आहे. बदलीच्या सामानातून तो उतरवला, तेव्हा शेजारचे काका जिन्यातच थांबले. "बेन, विश्वामित्रीमां लई जाव ने! मगरो साथे रेस थशे." सगळे हसले, मीही हसले. बडोद्याच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, पण इथे समुद्र नाही.

मी बँकेत आहे. चाळिशी जवळ आली असताना माझी बदली कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावी झाली. एकटीच राहत होते, घर खायला उठायचं. म्हणून सकाळी समुद्रावर जाऊ लागले. तिथे नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी कोळ्यांच्या घरांतली काही माणसं फळ्यांवर उभी राहून लाटांवरून येताना दिसायची. त्यांच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याला सारे अण्णा म्हणत. एक दिवस धीर करून मी त्याला हिंदीत विचारलं, "मला शिकवाल?"

त्याने माझ्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं. "पोहता येतं?"

"येतं. बडोद्याला तरणतलावात शिकले."

"हा तलाव नाही," तो म्हणाला. पण शिकवलं.

कितीतरी महिने मी काठाजवळच्या फेसातच आपटत होते. नाकातोंडात खारं पाणी, गुडघे सोललेले, आणि तसंच धावतपळत काउंटर उघडायला जायचं. मग एका सकाळी उभी राहिले. पाणी खालून धावत होतं आणि मी त्याच्यावर उभी होते. एवढंच. किनाऱ्यावर पोचल्यावर मला हुंदका फुटला, का ते अजून सांगता येत नाही.

हळूहळू मी आत, मुखापाशी जाऊ लागले. तिथला कायदा साधा होता. लाट जिथे फुटायला लागते, त्याच्या सगळ्यात जवळ जो असेल त्याची लाट. बाकीच्यांनी थांबायचं. आणि लाटेची वाट बघत बोर्डावर कुठे कोण बसणार, हे त्या माणसांमध्ये वर्षानुवर्षांपासून ठरलेलं होतं.

मग शनिवार-रविवारी बंगळूरहून गाड्या येऊ लागल्या. नवे बोर्ड, मोठे आवाज, थांबणं ठाऊक नाही. एका रविवारी अण्णाचा पुतण्या लाटेवर असताना एकजण मध्येच घुसला. त्याच्या बोर्डाखालच्या पात्याने पुतण्याची पोटरी फाटली. टाके पडले. त्याच संध्याकाळी गावाने ठरवलं की मुखाशी बाहेरच्यांना येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड घेऊन गेले, तर पुतण्याचा भाऊ समोर आला. "आता बाहेरचे नाहीत."

"मी पण?"

तो वाळूकडे बघत म्हणाला, "मॅडम, तुम्ही बडोद्याच्या ना?"

अण्णा तिथेच जाळं निवडत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझे पणजोबा बडोद्याच्या दरबारात कारकून होते, आमची माणसं इथेच जन्मली, इथेच गेली. तरी रिक्षावाला विचारतो, "तमे महाराष्ट्रना ने?" आणि पुण्याच्या मावसबहिणी आम्हाला 'गुजराती मंडळी' म्हणतात. त्याचं मला कधी काही वाटत नाही. पण पाण्यात मला कुणी कुठली म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून तिथे ते लागलं.

बरेच दिवस मी नुसती वाळूवरून चालत होते. मग एका दुपारी अण्णा बँकेत आला. गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिला, मग माझ्या टेबलाशी आला. "उद्या ये. सगळ्यांच्या शेवटी बसायचं. कुणी काही बोललं तर बोलू दे."

मी गेले, शेवटी बसले. कुणी बोललं नाही, कुणी बघितलंही नाही. बऱ्याच वेळाने एक मोठी लाट उठली. अण्णा सगळ्यात जवळ होता, लाट त्याचीच होती. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, बोर्ड आवरला आणि ओरडला, "जा!"

मी गेले. हातांनी पाणी कापत परत आले, तेव्हा त्या पुतण्याच्या भावाने आपला बोर्ड थोडा बाजूला घेतला. मी तिथे बसले. तेवढीच माझी जागा.

त्यानंतर काही महिन्यांतच इकडे बडोद्याला आई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी बदली मागून घेतली आणि इथल्याच अकोटा भागातल्या शाखेत आले.

गेल्या दिवाळीत मामी आईपाशी राहायला आली, म्हणून चार दिवस सुटका झाली. मी थेट तिकडे गेले. अण्णाचे गुडघे गेलेत, तो आता पाण्यात उतरत नाही. पुतण्याने सर्फिंगचे वर्ग काढलेत. मुखाशी सगळे चेहरे नवे होते. मी जरा पुढे सरकले, तशी एक तरुण मुलगी हिंदीत म्हणाली, "आंटी, यहाँ लोकल्स पहले."

"तू कुठली?" मीही हिंदीतच विचारलं.

"नाशिकची. पण दीड वर्ष झालं, इथेच असते."

"बरं," मी मराठीत म्हणाले.

ती चमकली. "तुम्ही मराठी आहात?"

"बडोद्याची."

"म्हणजे गुजराती?"

मला हसू आलं. पण तिच्या पुढे काही मी गेले नाही.

किनाऱ्यावर अण्णाला हे सांगितलं, तर तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "सांगू का तिला, तू कोण ते?"

"नको अण्णा. तिलाही तुम्हीच कुणीतरी बसवलं असेल ना तिथे?"

त्या चार दिवसांत मला दोन लाटा मिळाल्या, दोन्ही लहान.

आता सकाळी आईला चालायला लावते, तेव्हा ती भिंतीला धरून खोलीत फेऱ्या घालते आणि मी मोबाइलवर तिकडच्या लाटांचा अंदाज बघते. किती उंच, वारा कुठला, भरती कधी. परवा आईने विचारलं, "काय गं बघतेस रोज?"

"हवामान."

"पाऊस आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "आपल्याकडे काही नाही."