तीन इलाख्यांचं कार्ड

शालिग्राम आमच्या सरकारी नोकऱ्या लावून देण्याच्या ऑफिसात कारकून होता, पण त्याला खुर्चीवर धड बसलेला मी क्वचितच पाहिला. लढाईत तो ब्रह्मदेशच्या रस्त्यांवर खडी फोडत होता. फौजेतून सुटून आला, नोकरीसाठी नाव नोंदवायला आमच्याकडे आला, आणि द्यायला दुसरी नोकरी नव्हती म्हणून साहेबांनी त्याला आमच्याच टेबलाशी चिकटवलं. मी टाइपिस्ट. माझ्या पाठीमागे दिवसभर त्याच्या येरझारा चालायच्या आणि माझ्या कागदावरच्या चुका वाढायच्या.

"अबे, बस ना जरा!" मी खेकसायचो.

"बसून काय होते बे?" म्हणायचा आणि पुन्हा खिडकीपाशी जायचा.

त्याच्या जिवाला घोर एकच होता. दुसरबीडपासून दोन कोसांवर त्याचं गाव. ज्वारी आणि कापूस घरी आला की फाल्गुनापासून मृगापर्यंत तिथल्या मजुरांना काम नसे. त्याच दिवसांत खानदेशात केळीच्या बागांना माणसं हवी असत, जालन्याकडच्या काही जिनांत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांत, बाया हव्या असत. पण नाव नोंदवल्यावर मिळणारं आमचं कार्ड आमच्या हद्दीपुरतं. खानदेश मुंबई इलाख्यात, जालना हैदराबादेत; तिथे त्या कार्डाला कोण विचारतो? आणि शेतमजुराला तर कार्डच नव्हतं. त्याची थोरली बहीण झुंबरबाई विधवा होती. आदल्या साली ती अकरा बाया घेऊन पायी जालन्याला गेली, जिनाच्या फाटकाशी आठ दिवस बसली आणि उपाशी परत आली. हे सांगताना शालिग्रामचा आवाज चढायचा आणि सगळं ऑफिस मान वर करून बघायचं.

पन्नास साली तिन्हीकडचे अधिकारी आमच्याकडे एकत्र बसले. दिल्लीचं नोकरीचं धोरण गावापर्यंत कितपत पोचतं ते तपासायचं आणि काय बदलावं ते वर कळवायचं, असं काम होतं. शालिग्राम न बोलावता आत शिरला आणि गावातल्या रिकाम्या मजुरांची दोनशे चौदा नावांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. शेतमजुरालाही कार्ड द्या आणि ते तिन्ही इलाख्यांत चालू द्या, एवढंच त्याचं मागणं. साहेबांना ते पटलं, पण नुसत्या यादीवर त्यांचा विश्वास बसेना. एक गाव डोळ्यांनी बघू आणि मग ठरवू, असं ते म्हणाले. शालिग्रामने आपलंच गाव सुचवलं.

मग त्याने गावच्या उत्तमराव पाटलांना निरोप धाडला, "मोठे साहेब येऊन राह्यले, कामाचं पाहाले. सारे हजर ठेवा." बस, एवढाच निरोप. गावात जन्मलेल्या माणसाने असा निरोप धाडावा, याचा मला आजही राग येतो. त्याला त्या चार दिवसांत झोप नव्हती, एवढंच त्याच्या बाजूने म्हणता येईल.

चैत्रातल्या सकाळी आमची जीप गावात शिरली, तर पारावर चिटपाखरू नाही. शालिग्रामचा चेहरा उतरला. आम्ही शिवाराकडे वळलो आणि बघतो तर काय, सगळं गाव रानात! नांगरलेल्या वावरात पुन्हा नांगर चालला होता. माणसं बांधावरचे दगड काढून बांधावरच रचत होती. पाटलांच्या मोठ्या वावरात पन्नासेक बाया ओळीने धसकटं वेचत होत्या, म्हणजे कापणीनंतर रानात राहिलेले ज्वारीचे खुंट. सगळ्यांत पुढे झुंबरबाई.

शालिग्रामने पाटलांना बाजूला ओढलं. "पाटील, हे काय करून ठेवलं?"

पाटील खुशीत होते. "बैल माहे, वावर माहं. अबे, मुकादम फाटकाशी काय पाहते? ज्याचा हात चालू त्याले आत, बसला त्याले बाहीर. मांगच्या साली तुही बहीण बसून राह्यली, म्हणून रिकामी आली. अवंदा कोनी बसन नाही."

गाव चुकलं म्हणावं तरी कसं? साहेब मजूर निवडायलाच आलेत असं त्यांनी धरलं होतं, आणि आजवर काम मिळायची ती एकच रीत त्यांना ठाऊक होती.

तेवढ्यात खानदेशचे साहेब झुंबरबाईपाशी जाऊन पोचले होते. "बाई, काम मिळतं का?"

"हाव साहेब, लय काम हाय! पानी प्याले सवड नाही," ती हात न थांबवता म्हणाली.

शालिग्राम धावत गेला. तिच्या टोपलीतलं एक धसकट त्याने उचललं. त्याला शेणाचा वाळका पापुद्रा चिकटला होता. "साहेब, हे कालपर्यंत आमच्या परसात गोवऱ्यांपाशी रचलेलं होतं, जळनाले. पहाटे आनून इथं पसरलं यांनी. अक्का, खरं सांग साहेबांले!"

सगळ्या बाया थिजल्या. झुंबरबाईने भावाकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता कानाखाली वाजवते. मग ती साहेबांकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "त्याचं मनावर घेऊ नका जी. लढाईहून आल्यापासून डोस्कं ठिकानावर नाही त्याचं."

साहेबांनी समजूतदार मान हलवली. शालिग्रामने धसकट टोपलीत परत टाकलं. बहिणीला खोटं पाडण्याइतका तो निर्दय नव्हता, आणि पाडलं असतं तरी आता वेड्याचं कोण ऐकणार होतं? साहेबांनी मला उतरवून घ्यायला सांगितलं, "गावात भरपूर काम आढळलं. वेगळ्या कार्डाची गरज दिसत नाही." मी ते लिहिलं. तोंडातून ब्र काढला नाही. माझी नोकरी मला प्यारी होती, दुसरं काय!

जीप साहेबांना घेऊन पाटलांच्या घरी चहाला गेली. आम्ही दोघे वावरातच राहिलो. झुंबरबाई घाम पुसत लगबगीने भावाकडे आली. राग केव्हाच मावळला होता.

"किती जनीले घेतलं रे?"

"कोनालेच नाही."

"काऊन?" ती त्याच्याकडे बघतच राहिली. "म्या हात तं थांबूच देल्ला नाही."

  मग तिने पदर खोचला आणि उरलेली धसकटं वेचायला वाकली, कारण संध्याकाळी चूल पेटवायची होती.