तात्यांच्या ओसरीवर सूनबाईंचा नंबर

सोनईत राधाकृष्णतात्यांची ओसरी सकाळीच भरते. तात्यांनी बेचाळीसला, सोळाव्या वर्षी, तारा तोडल्या, बाजरीच्या रानात लपले आणि पकडले गेले. "बड्या पुढाऱ्यांना नगरचा किल्ला, आमच्या वाट्याला विसापूरचा तुरुंग," ही तक्रार ते अजून करतात. पुढे दोनदा आमदार झाले. आता शंभरीला टेकलेत, पण ओसरीचा नियम तोच. आला तसा बाकावर बसायचं, नंबर आला की गाव, नाव, काम सांगायचं. एकदा एक मंत्रीसुद्धा म्हशीच्या व्यापाऱ्यामागं बसले होते.

घरासाठी नियम वेगळा. घरातल्या कुणाला पद नाही. मुलगा श्रीमंत साखर कारखान्याच्या निवडणुकीत उभा राहिला, तेव्हा तात्यांनी समोरच्याचा प्रचार केला. श्रीमंत पडला. मग त्यानं खताचं दुकान काढलं आणि अंगानं सुटला.

तात्यांना ऐकू कमी यायला लागल्यापासून लोक कामं सांगतात ती सून पंकजाला. तीच तहसीलला फोन लावते, तात्या मान हलवतात. यंदा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला, तशी पक्षाची माणसं थेट स्वयंपाकघराच्या दारात आली. "वहिनी, तुम्हीच उभ्या राहा. फक्त तात्या विरोधात फिरणार नाहीत, एवढं बघा."

"तात्यांना तूच विचार," श्रीमंत म्हणाला. "माझं विचारून झालंय."

दुसऱ्या दिवशी पंकजा चांगलं लुगडं नेसून बाकावर जाऊन बसली.

"अगं बाई, तू इथं?" शेजारची छबूबाई म्हणाली.

"माझंपण काम आहे."

"मंग माझ्या मागं. मी आदी आलीय."

छबूबाईचं रेशनकार्डाचं झालं. तात्यांनी मान वर न करताच विचारलं, "गाव?"

"सोनई."

"नाव?"

"पंकजा."

तात्यांनी चष्मा सारखा केला. "काय गं, आतून सांगता येत नव्हतं?"

"नंबरानं आलेय, मामा. जिल्हा परिषदेला उभी राहतेय." त्यांना ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं बोलली. सगळी ओसरी तिच्याकडं वळली.

"घरातल्यांसाठी मी शब्द टाकत न्हाई."

"नका टाकू. ह्यांच्या वेळी विरोधात फिरलात, तेवढं करू नका."

"आन् फिरलो तर?"

"फिरा की. तुमच्या रोजच्या औषधाच्या गोळ्या कोण देईल तेवढं बघून ठेवा."

छबूबाई फिसकन हसली. तात्या हसले नाहीत.

"परवानगी मागायला आलीस का मत मागायला?"

आली होती परवानगीलाच. पंकजानं एकदा दाराआडच्या नवऱ्याकडं पाहिलं.

"मत मागायला."

"बरं झालं. परवानगी मागितली असतीस, तर न्हाई म्हणालो असतो."

"मग मत देणार ना?"

"मतदान गुप्त असतंय, सूनबाई," तात्या म्हणाले. "चला, पुढचा कोण?"

पंकजा उठली, पण आत गेली नाही. बाकावर बसलेल्या एकेकापुढं हात जोडत टोकापर्यंत गेली.